शुगर, पुरुषांचे लैंगिक त्रास आणि झाडपाल्याची औषधं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. मला टाइप २ डायबेटीस होऊन अकरा वर्षं झाली आणि त्यातली जवळपास चार वर्षं मी लैंगिक त्रास कुणालाच न सांगता काढली, एकामागून एक चूर्णं घेत बसलो. नंतर बरंच वाचलं, डॉक्टरांना आणि वैद्यांना खोदून खोदून विचारलं. आता ओळखीतले लोक हळू आवाजात मलाच विचारायला लागलेत आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

शुगर वाढली तर तिथे का परिणाम होतो, काय संबंध?

ताठरता येते म्हणजे लिंगातल्या रक्तवाहिन्या सैल पडून रक्त भरतं, बस्स. मज्जातंतूंमधून निरोप येतो, रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, त्याने स्नायू सैल होतात आणि रक्त आत येऊन अडकून राहतं. हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो हे शोधणाऱ्या तिघांना १९९८ साली नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी सिल्डेनाफिल, म्हणजे सगळ्यांना माहीत असलेली ती निळी गोळी, बाजारात आली. आता शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की अस्तर वायू कमी सोडतं आणि मज्जातंतूही निरोप नीट पोचवत नाहीत. पायाला मुंग्या का येतात, तर मज्जातंतू खराब होतात म्हणून, तसंच इथेही होतं.

जगभरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं तर डायबेटीस असलेल्या पुरुषांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना ताठरतेचा त्रास असतो, बाकीच्यांपेक्षा प्रमाण साधारण साडेतीन पट, आणि सुरू पण १० ते १५ वर्षं आधी होतो. म्हणजे तुम्ही एकटे नाही, आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही, डोळ्यांवर किडनीवर परिणाम होतो तसाच हा.

म्हणजे नुसती ताठरतेचीच गोष्ट आहे का?

नाही, आणि इथेच सगळे चुकतात. मी पण चुकलो. "कमजोरी" असा एकच शब्द वापरतो आपण पण त्याच्या पोटात चार-पाच वेगवेगळे त्रास असतात. एक ताठरता. दुसरं म्हणजे इच्छाच होत नाही, थकवा, मूड नाही, हे बऱ्याचदा टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, कमी असल्याने होतं आणि टाइप २ मध्ये, खास करून पोट सुटलेलं असेल तर, हे खूप दिसतं, कारण चरबीच्या पेशी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे बायकी हॉर्मोनमध्ये, रूपांतर करतात. तिसरं म्हणजे स्पर्म, म्हणजे शुक्राणू. काउंट, म्हणजे त्यांची संख्या, ठीक दिसला तरी स्पर्मच्या आतल्या डीएनएचे तुकडे झालेले असू शकतात, त्यामुळे मूल राहायला अडचण येते. चौथं, पुढच्या कातडीला वारंवार खाज, भेगा, बुरशी, कारण लघवीतून साखर जाते, आणि शुगरच्या ज्या नव्या गोळ्या मुद्दाम साखर लघवीतून बाहेर टाकतात त्यांनी हे अजून वाढू शकतं.

आणि पाचवं, ज्याचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नसतं, उलटं स्खलन. सगळं नेहमीसारखं होतं, सुखाची जाणीव पण होते, पण बाहेर काहीच येत नाही किंवा अगदी थेंबभर येतं. मूत्राशयाचं तोंड त्या वेळी घट्ट बंद व्हायला हवं ते मज्जातंतू खराब झाल्याने बंद होत नाही, आणि वीर्य मागे मूत्राशयात जातं. मला हेच झालं होतं आणि मी दीड वर्ष "वीर्य वाढवणारं" चूर्ण खात होतो! युरॉलॉजिस्टनी, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांनी, संबंधानंतरची लघवी एका पारदर्शक बाटलीत आणायला सांगितली. उजेडात धरून बघितली तर पिठाच्या पाण्यासारखी गढूळ आणि त्यात बारीक पांढरे तंतू तरंगत होते. मायक्रोस्कोपखाली तिच्यात स्पर्म सापडले. म्हणजे वीर्य तयार होत होतं, फक्त वाट चुकत होतं, आणि वाट चुकलेल्याला कुठलं चूर्ण सरळ करणार? यावर डॉक्टरांकडे गोळ्या आहेत, आणि मूल हवं असेल तर लघवीतून स्पर्म वेगळे काढून वापरता येतात.

बरं, मग कोणत्या वनस्पतीचा खरंच उपयोग होतो?

जे मला नीट समजलंय तेवढंच सांगतो.

मेथीदाणे. यात भरपूर चिकट तंतू असतात, ते पोटात साखरेचं शोषण हळू करतात, आणि उपाशीपोटीची शुगर थोडी उतरते हे माणसांवरच्या बऱ्याच अभ्यासात दिसलंय. टेस्टोस्टेरॉनवर आणि इच्छेवर पण मेथीच्या अर्काचे अभ्यास झालेत, थोडा फायदा दिसतो, पण ते निरोगी पुरुषांवर होते. माझ्या मते शुगरवाल्याने काही एक निवडायचं तर मेथी सगळ्यात सरळ आहे. फक्त रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको.

अश्वगंधा. २०१३ साली स्पर्म काउंट कमी असलेल्या ४६ पुरुषांवर एक चाचणी झाली, रोज ६७५ मिलिग्रॅम अर्क ९० दिवस, आणि काउंट, वीर्याचं प्रमाण, स्पर्मची हालचाल तिन्ही चांगले वाढले. आकडे बघून आनंद होतो पण ४६ म्हणजे फार थोडे लोक आणि ती चाचणी डायबेटीसवाल्यांसाठी नव्हती. ताण आणि झोप यावर तिचा परिणाम बऱ्यापैकी दिसतो, आणि झोप सुधारली की बाकीचंही जरा सुधारतं. पण हे पण ऐका, अश्वगंधाने काही लोकांच्या लिव्हरला सूज आलीये, थायरॉइड वर गेलंय, शुगरही खाली येऊ शकते. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

खाजकुहिली, म्हणजे कवचबीज. यात एल-डोपा असतं, तेच जे कंपवाताच्या औषधात असतं. मूल न होणाऱ्या पुरुषांमध्ये तीन महिने शुद्ध केलेल्या बियांची पूड देऊन वीर्य सुधारल्याचे अभ्यास आहेत. पण एल-डोपा आहे म्हणजेच हे औषध आहे, मनाच्या आजाराच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने घेऊ नका.

काळं जिरं, म्हणजे कलौंजी, याचं तेल रोज ५ मिली, दोन महिने, अशी एक चाचणी आहे, त्यात स्पर्म सुधारले, आणि शुगरवर पण थोडा फायदा दिसतो. केशराची मात्र मजेदार गोष्ट आहे, इराणमध्ये खास डायबेटीसच्याच पुरुषांवर केशराचं जेल लावून बघितलं आणि ताठरतेत फरक दिसला, २०१५ ची चाचणी, छोटीच. पण निदान ती आपल्यासारख्यांवर झाली.

सफेद मुसळीचं नाव खूप मोठं पण तिचं जवळपास सगळं काम उंदरांवर झालंय. गोखरूने माणसांमध्ये टेस्टोस्टेरॉन भरवशाने वाढत नाही, ताठरतेत थोडासा फरक काही अभ्यासांत दिसतो. लाल जिनसेंगचे सगळे अभ्यास २०२१ मध्ये एकत्र तपासले गेले, फरक नगण्य निघाला. शिलाजीत तर वनस्पतीच नाही, खडकातून पाझरणारा पदार्थ आहे, आणि न शुद्ध केलेल्या शिलाजीतात शिसं, आर्सेनिक असू शकतं.

"शास्त्रीय संशोधनाने सिद्ध" असं डबीवर लिहिलंय, मग?

ते संशोधन कुणावर झालंय ते विचारा. बहुतेक वेळा असं असतं की उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं द्रव्य टोचून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारतात, त्याला एकदम डायबेटीस होतो, वृषणं आकसतात, मग अर्क पाजतात आणि चार-आठ आठवड्यांनी बघतात. त्यात बऱ्याच वनस्पती चांगलं काम करतात, हळद, आलं, काय काय, कारण पेशींना गंज चढल्यासारखं जे नुकसान होतं ते या वनस्पती कमी करतात. खोटं नाहीये ते. पण उंदराचा डायबेटीस एका दिवसात आणलेला असतो आणि आपला दहा-पंधरा वर्षं मुरलेला, सोबत बीपी, वजन, बाकीच्या गोळ्या. शिवाय वजनाच्या हिशोबाने उंदराला जेवढं पाजतात तेवढं आपण खाऊच शकत नाही.

शुगर कमी करणारं झाड वीर्यालाही चांगलंच असणार ना?

नाही! हा प्रश्न कुणी विचारत नाही, सगळे धरूनच चालतात, म्हणून मीच इथे घातलाय आणि मूल हवं असणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. कारलं शुगरसाठी लोक घेतात, पण कारल्याच्या अर्काने कुत्र्यांमध्ये आणि उंदरांमध्ये स्पर्म बनणं कमी झाल्याचे जुने प्रयोग आहेत. कडुनिंबाचं तेल तर स्पर्म मारतं म्हणून गर्भनिरोधक म्हणून त्याच्यावर काम झालं. तुळशीच्या पानांनी मोठ्या मात्रेत प्राण्यांचा काउंट उतरलाय. पपईच्या बियांच्या अर्काने माकडांचे स्पर्म शून्यावर गेले होते, बंद केल्यावर परत आले. आणि ज्येष्ठमध, जो कितीतरी "शक्तीच्या" मिश्रणात असतो, तो एका छोट्या अभ्यासात चार दिवसांत पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन खाली घेऊन गेला, वर बीपी वाढवतो ते वेगळंच.

सगळ्यात मोठं उदाहरण सरकीचं. तिच्यात गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, चीनमध्ये १९७० च्या दशकात आठ हजारांहून जास्त पुरुषांना ते गर्भनिरोधक म्हणून देऊन बघितलं, काम पण केलं, पण काहींचं पोटॅशियम घसरलं आणि काहींचे स्पर्म नंतर कधीच परत आले नाहीत. झाडातलंच होतं ते.

जेवणात कारल्याची भाजी किंवा तुळशीची दोन पानं आली म्हणून घाबरायचं कारण नाही, मी बोलतोय ते रोजच्या कडक काढ्यांबद्दल आणि अर्काच्या कॅप्सूलबद्दल. मुलासाठी प्रयत्न चालू असतील तर शुगरचे कडू रस काही महिने बाजूला ठेवून शुगर गोळीने किंवा इन्सुलिनने आटोक्यात ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

झाडपाला सुरू केला की शुगरची गोळी बंद करता येईल का?

अजिबात नको. आणि गोळी म्हणजे "केमिकल", झाड म्हणजे "नैसर्गिक" हे डोक्यातून काढा. मेटफॉर्मिन, शुगरची नेहमीची गोळी, कुठून आलं माहितीये? गॅलेगा नावाच्या निळसर फुलांच्या झुडपात जे द्रव्य होतं त्याच्यापासून सुरुवात करून, आणि १९५७ साली फ्रान्समध्ये ते डायबेटीसला पहिल्यांदा वापरलं गेलं. लघवीतून साखर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांचा मूळ धागा सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या द्रव्यापाशी जातो, जे १८३५ मध्ये सापडलं होतं. म्हणजे गोळीचं मूळ झाडातच आहे, फक्त मात्रा मोजलेली आणि परिणाम तपासलेला.

उलट गोळीवर चूर्ण चढवलं की शुगर फार खाली जाऊ शकते, हे मी भोगलंय. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू होती, त्यात मेथी, अश्वगंधा आणि गुडमार ही शुगर उतरवायला घेतात ती वनस्पती असलेलं एक मिश्रण, तिन्ही एकदम. पहाटे जाग आली तेव्हा बनियन घामाने भिजलेली, हात इतके थरथरत होते की ग्लुकोमीटरच्या पट्टीवर रक्ताचा थेंब धरता येईना, बायकोने माझं बोट धरून लावला, आकडा ५४. तिने साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, ८१. तेव्हापासून एका वेळी एकच नवीन गोष्ट, आणि सुरू केल्यावर दोन आठवडे रोज शुगर तपासून वहीत लिहिणे.

एका तासात काम करणारी हर्बल कॅप्सूल मिळते, ती घेऊ का?

एका तासात काम करते हीच तर धोक्याची घंटा आहे. कुठलीच मुळी एका तासात ताठरता आणत नाही. अशा कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल किंवा त्याच जातीचं टाडालाफिल न सांगता मिसळलेलं अनेक देशांच्या औषध खात्यांना वारंवार सापडलंय. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते नकळत घेतलं तर बीपी इतकं कोसळतं की जीव जाऊ शकतो, आणि शुगरवाल्यांमध्ये हृदयाचे पेशंट किती असतात ते तुम्हाला माहीतच आहे.

सिंगापूरमध्ये २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत १५० लोक शुगर अचानक खूप खाली गेली म्हणून दवाखान्यात भरती झाले, आणि त्यांना डायबेटीस नव्हताच! जवळपास सगळे पुरुष. शोधल्यावर कळलं की बेकायदा विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक गोळ्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे शुगरचंच औषध, मोठ्या प्रमाणात मिसळलेलं होतं. चार जण गेले. ज्याची आधीच शुगरची गोळी चालू आहे त्याने असलं काही घेतलं तर काय होईल याचा तुम्हीच विचार करा.

योहिंबे नावाच्या आफ्रिकन झाडाची साल पण अशा डब्यांत असते, ती बीपी आणि ठोके वाढवते, आपल्यासाठी नाहीच ती.

किती दिवसांत फरक पडतो?

एक स्पर्म तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, मग तो नळीतून पुढे येऊन पक्व व्हायला आणखी काही दिवस, म्हणजे जवळजवळ तीन महिने. आज तुम्ही जे वीर्य तपासायला देता ते तीन महिन्यांपूर्वीच्या शुगरचं फळ आहे. एचबीएवनसी ही सरासरी शुगरची रक्ताची टेस्ट पण मागच्या तीन महिन्यांचाच हिशोब सांगते, म्हणून मी दोन्ही टेस्ट सोबतच करतो, एका कागदावर शेजारी शेजारी आकडे लिहिले की चित्र लगेच दिसतं. पंधरा दिवसांत वीर्य सुधारतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

वीर्याच्या रिपोर्टमध्ये काय बघायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकाप्रमाणे वीर्य किमान १.४ मिली, एका मिलीत १.६ कोटी स्पर्म, आणि हलणारे ४२ टक्के. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. एक रिपोर्ट खराब आला म्हणून कोसळून जाऊ नका, काही आठवड्यांनी परत करा. टेस्टोस्टेरॉन मात्र सकाळीच, उपाशीपोटी, आणि दोन वेगळ्या दिवशी.

टेस्टोस्टेरॉन कमी आलं, सरळ इंजेक्शन घेतलं तर?

मूल हवं असेल तर थांबा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना काम बंद करायला सांगतो आणि स्पर्म बनणं जवळपास थांबतं. हे माहीत नसल्याने माझ्या ओळखीतल्या एकाचं पूर्ण वर्ष गेलं. हॉर्मोनच्या डॉक्टरांना "मला मूल हवंय" हे पहिल्या वाक्यात सांगा.

काहीच न घेता नुसतं वजन कमी केलं तर?

मी तर म्हणेन आधी हेच. २००४ मध्ये इटलीतल्या ११० जाड पुरुषांचा अभ्यास आला होता, सगळ्यांना ताठरतेचा त्रास. ज्यांच्याकडून आहार आणि व्यायाम नीट करून घेतला त्यातले जवळजवळ एक तृतीयांश दोन वर्षांत पूर्ववत झाले. त्यांना डायबेटीस नव्हता हे खरं, पण पोट उतरलं की आपलंही टेस्टोस्टेरॉन वर येतं आणि शुगर उतरते, एकाच कष्टात दोन्ही. सिगरेट असेल तर ती सोडा, ती त्याच अस्तराला जाळते ज्याच्याबद्दल वर लिहिलंय.

ताठरता गेली तर हृदय तपासायला का सांगतात?

कारण तिथल्या रक्तवाहिन्या १-२ मिलिमीटरच्या आणि हृदयाच्या ३-४ मिलिमीटरच्या. कचरा साठला की बारीक नळी आधी तुंबते. म्हणून हा त्रास हृदयाच्या त्रासाच्या दोन-पाच वर्षं आधी दिसू शकतो. चूर्ण खाऊन तो नुसता झाकला तर तेवढी वर्षं वाया जातात. माझा ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट ठीक निघाली, पण ती करायला मी चार वर्षं उशीर केला याचं आजही वाईट वाटतं.

डॉक्टरांसमोर बोलायचं कसं? जीभच वळत नाही.

माझी पण वळत नव्हती. मी कागदावर लिहून नेलं आणि कागदच पुढे केला. एवढंच लिहा: त्रास नेमका कोणता (ताठरता, इच्छा, वीर्य बाहेर न येणं, मूल न राहणं), कधीपासून, झोपेतून उठताना ताठरता येते का, शेवटची एचबीएवनसी, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, कारण बीपीच्या काही गोळ्यांनी पण हा त्रास होतो आणि त्या बदलून मिळतात. घरात असलेली सगळी चूर्णं, काढे, कॅप्सूल एका पिशवीत घालून टेबलावर ठेवा, लेबल नसलेली पुडी असेल तर ती पण. जमलं तर बायकोला सोबत न्या. माझी आली होती, मी जे सांगायला विसरलो ते तिने सांगितलं, त्या ५४ च्या पहाटेसकट.